रेफरल आला आणि गट गप्प झाला

न्यू जर्सीतल्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. दोघंही आता अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डधारक, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय. भारतातून मूल दत्तक घेण्यासाठी नोंदणी करून त्यांना दोन वर्षं होऊन गेली. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत अशीच वाट पाहणारी आणखी चार कुटुंबं भेटली, व्हॉट्सअ‍ॅपवर गट झाला, दिवाळीला सगळे एकत्र जेवले. गेल्या महिन्यात त्यांच्यातल्या सर्वांत शेवटी नोंदणी केलेल्या घराला रेफरल, म्हणजे एका ठरावीक मुलाचा प्रस्ताव, आला. अभिनंदनाचे चार निरोप पडले आणि तेव्हापासून गट गप्प आहे. "आम्हाला वाईट वाटतं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटते. ताई, एकमेकांना आधार द्यायचा म्हणजे नेमकं करायचं तरी काय?"

मी पुण्यात २६ वर्षं दत्तकाच्या कामात आहे. सुरुवातीची काही वर्षं शिशुगृहात गेली, नंतर गृहभेटी आणि समुपदेशन. इतकी वर्षं पाहून एक गोष्ट ठामपणे सांगते. असे गट वाट पाहण्यासाठी जमतात आणि मूल घरी आलं की पांगतात. खरी गरज मात्र मूल घरी आल्यावर लागते. तुमचा गट आत्ता गप्प झालाय तो कायमचा मिटू देऊ नका, कारण त्या पाचव्या घराला तुमची गरज अजून सुरूच झालेली नाही.

आधी वाईट वाटण्याबद्दल. ते वाटणारच. अनेक वर्षं उपचार, मग कागदपत्रं, मग वाट, आणि आपल्यामागून आलेल्याच्या घरी पाळणा. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एक गैरसमज मनातून काढा, की रांग एकच आहे. ती एक नसते. तुम्ही कोणता वयोगट लिहिला आहे, भावंडांची जोडी चालेल म्हटलं आहे का, विशेष गरजा असलेल्या मुलाचा विचार केला आहे का, यावर रांगा वेगळ्या होतात. सहा वर्षांचं मूल मागणाऱ्या घराला दोन वर्षांचं मागणाऱ्यांपेक्षा लवकर फोन येतो, यात कुणी कुणाचं काही हिरावून घेतलेलं नसतं. शिवाय आकडे बघा. २०२३-२४ या वर्षात केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत कारामार्फत, देशभरात ४,००९ मुलं दत्तक गेली आणि त्यातली ४४९ परदेशात. तान्ह्या, निरोगी बाळांसाठी इथेच, देशातच, हजारो घरं थांबली आहेत. परदेशी जाणाऱ्यांत मोठी मुलं, भावंडं, आजारातून निघालेली किंवा वेगळ्या गरजांची मुलं बरीच असतात. म्हणून गटात पहिलं खरं बोलणं व्हायला हवं ते याचं: आपण अर्जात काय लिहिलंय, का लिहिलंय, आणि ते मनापासून लिहिलंय का. एकमेकांचं ऐकून, घाईला येऊन वयोगट वाढवू नका. 'त्यांनी पाच वर्षांचं मूल घेतलं, आपणही घेऊ' असं ठरवून आलेली दोन जोडपी माझ्यासमोर रडली आहेत, मूल घरी आल्यानंतर.

कागदांच्या बाबतीत तुम्ही एकमेकांना सर्वांत सहज मदत करू शकता. एक पाऊल पुढे असलेल्या घरानं मागच्याचा हात धरायचा. अमेरिकेत मूल नेताना आधी तिथल्या इमिग्रेशन खात्याची तुमच्या घराला मंजुरी लागते, तिचा अर्ज म्हणजे आय-८०० ए. मग त्या विशिष्ट मुलासाठी आय-८००. मग काराचं ना-हरकत, दत्तक आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, हेग कराराप्रमाणे, म्हणजे देशादेशांतल्या दत्तकाच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, सगळं झाल्याचं प्रमाणपत्र आणि शेवटी व्हिसा. यातल्या प्रत्येक कागदाला वय असतं. बोटांचे ठसे १५ महिन्यांनी शिळे होतात, होम स्टडीची, म्हणजे तुमच्या घराच्या पाहणीच्या अहवालाचीही मुदत असते, मध्येच नोकरी किंवा घर बदललं तर ती नव्यानं जोडावी लागते. पाच घरांच्या तारखांचा एक साधा तक्ता करा आणि गटातल्या कुणा एकाकडे तो सांभाळायला द्या. तारीख जवळ आली की त्यानं फोन करायचा. ठसे संपल्याचं रेफरल आल्यावर लक्षात आलेलं घर मी पाहिलं आहे. त्या बाईंचा आवाज अजून कानात आहे. मूल समोरच्या पडद्यावर, आणि हातात मुदत संपलेला कागद.

दत्तक आदेश पूर्वी न्यायालयातून निघत. १ सप्टेंबर २०२२ पासून कायद्यानं ते काम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिलं. महाराष्ट्रात त्यावरचा वाद उच्च न्यायालयात गेला, त्यामुळे तुमच्या मुलाचा आदेश कुठून निघणार हे संस्थेलाच विचारा. गटातल्या ऐकीव माहितीवर तिकिटं काढू नका.

गटात ग्रीन कार्डवालं किंवा एच-वनवालं कुणी असेल तर त्यांना आजच सांगा. आय-८००चा रस्ता अमेरिकन नागरिकासाठी आहे, नवरा-बायकोपैकी निदान एक जण तरी नागरिक हवा. भारतीय पासपोर्टवर काराकडे नोंदणी होऊ शकते, मूलही मिळू शकतं, आणि मग त्याला अमेरिकेत न्यायचं कसं हा प्रश्न उभा राहतो. त्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे बसावं, मग बाकी सगळं. तसंच गावाकडचं दत्तकपत्र. दिराचं मूल १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यानं ओटीत घेतलं, निबंधकाकडे नोंदवलं, आता नेऊ, असं पुष्कळांना वाटतं. हेग करारातल्या देशात न्यायचं तर २०२१ पासूनच्या नियमांनुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची पडताळणी आणि काराचं ना-हरकत लागतं. नात्यातलं मूल घेण्याची वेगळी तरतूदही आहे, पण तिच्यात नात्याची व्याख्या ठरलेली आहे: काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. चुलत-मावस त्यात बसत नाही.

आणि कधीतरी गटात तो निरोप येईलच: 'आमच्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, त्यांच्या नर्सिंग होममध्ये एक मुलगी आहे.' थकलेल्या माणसाला त्या क्षणी तो देवाचा कौल वाटतो. त्या रात्री त्यांना एकटं सोडू नका, फोनवर धरून ठेवा. प्रक्रियेबाहेर मूल देण्या-घेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही आहे. आणि शिक्षेपेक्षाही वाईट म्हणजे त्या मुलीची आई कोण, तिनं खरंच दिली का, याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. कायद्यानं सोडलेल्या बाळाच्या आईला विचार बदलायला ६० दिवस असतात. मी त्या ६० दिवसांत परत आलेली आई पाहिली आहे. ती शिशुगृहाच्या पायरीवर बसली होती, पदरात दुधाचे डाग. नर्सिंग होमच्या मागच्या दारानं दिलेल्या बाळाच्या आईला ते ६० दिवस कुणी देत नाही. पैशांचंही तसंच. परदेशी दत्तकासाठी संस्थेला द्यायची रक्कम नियमावलीत ५,००० डॉलर अशी लिहून ठेवली आहे. त्यावर कुणी देणगी मागितली तर गटानं मिळून ते लेखी कळवावं. एकटं घर घाबरतं, मूल अडकेल म्हणून गप्प बसतं.

आता रेफरलच्या रात्रीबद्दल. मुलाचा अहवाल येतो, वैद्यकीय तपासणीचा कागद येतो, एक-दोन फोटो येतात, आणि मोजक्या तासांत ठरवायचं असतं. तेव्हा फोटो आणि अहवाल गटात टाकायचा मोह होतो. टाकू नका. ते मूल अजून तुमचं नाही, आणि उद्या झालं तरी त्याचा इतिहास त्याचा आहे. अशा मुलाची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड असू शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. बारा वर्षांनी त्या मुलीला मंडळाच्या गणपतीत कुणी मावशी म्हणाली, 'अगं, तुला तर मंदिरात ठेवलं होतं ना?' तर? हे मी कल्पनेनं सांगत नाही, घडलेलं आहे. आईनं तिला सांगायच्या आधी ते पंचवीस घरांना ठाऊक होतं.

मग गट त्या रात्री काय करेल? अहवाल वाचणाऱ्या बालरोगतज्ज्ञाचा नंबर देईल. जेवण आणून ठेवेल. कुणीतरी नुसतं ऐकेल. जन्मवजन १.६ किलो, डोक्याचा घेर कमी, चालायला उशीर, असं वाचून पोटात गोळा येतो. त्याचा अर्थ डॉक्टरनं सांगायचा, गटातल्या इंजिनिअरनं नाही. आणि ते घर नाही म्हणालं तर त्यांना कारण विचारू नका. नाही म्हणणारे आईबाप आठवडाभर त्या फोटोशी बोलत असतात.

इथून पुढचं मला सर्वांत सविस्तर सांगायचं आहे, कारण हे कुणी सांगत नाही.

साडेतीन वर्षांची एक मुलगी आमच्याकडून सिअ‍ॅटलला गेली. तिकडे तिला स्वतःची खोली, ढगांची चादर, मऊ दिवा. ती रात्रभर किंचाळायची. आईबापांना वाटलं, हिला आम्ही नकोच आहोत. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी विचारलं, खोलीत आवाज कसला असतो? म्हणाले, काहीच नाही, एकदम शांत. आमच्याकडे ती मोठ्या खोलीत बारा पाळण्यांमध्ये झोपायची. वर पंख्याचा खडखडाट, कोपऱ्यातली ट्यूबलाईट रात्रभर चालू, कुणीतरी खोकतंय, मावशी कुणाची दुपटी बदलतेय. त्या शांततेत ती मुलगी घाबरत होती. त्यांनी खोलीत टेबलफॅन लावला, दार उघडं ठेवलं, आईनं जमिनीवर गादी टाकली. पाचव्या रात्री झोपली. हा उपाय काही मी शोधलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मूल नेलेल्या ह्यूस्टनच्या एका आईनं मला तो सांगितला होता. घरं एकमेकांना आधार देतात म्हणतात तो असा, एका टेबलफॅनएवढा.

असेच आणखी काही अनुभव एका घरानं दुसऱ्याला दिलेले. घ्यायला जाण्याआधी आठवडाभर एक सुती चादर अंगावर घेऊन झोपा, ती न धुता संस्थेत पाठवता येते का विचारा. आणि मुलाचं तिथलं दुपटं येताना न धुता आणा. पहिल्या दोन आठवड्यांत पिझ्झा-पास्ता नको, मऊ भात, वरण, तूप, आणि जेवणाची वेळ संस्थेतलीच ठेवा. उशीखाली पोळीचे तुकडे सापडले तर रागावू नका, उलट त्याच्या हाताला येईल अशा ठिकाणी एक डबा ठेवा आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. डबा भरलेलाच आहे अशी खात्री पटली की तुकडे थांबतात. आणि विमानतळावर पन्नास माणसं, ढोलताशा, फुगे घेऊन जाऊ नका. मंडळाच्या प्रेमाला मी हात जोडते, पण त्या मुलानं नुकतंच सगळं जग गमावलेलं असतं. एक गाडी, एक माणूस, घरी फ्रिजमध्ये चार दिवसांचं जेवण. बाकीच्यांनी महिन्यानं यावं आणि आल्यावर मुलाला कडेवर घेऊ नये. कुणाच्याही कडेवर हसत जाणारं मूल पाहुण्यांना गोड वाटतं. आम्हाला त्याची काळजी वाटते. कोण आपलं, हे त्याला अजून कळलेलं नसतं.

आता जी गोष्ट सांगायला मला जड जाते ती. दत्तकानंतर दोन वर्षं पाठपुरावा असतो, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी, एकूण सहा अहवाल. एका घराचे पहिले तीन अहवाल माझ्या टेबलावर आले. फोटो हसरे, वजन वाढलेलं, 'मूल छान रुळत आहे.' मी सही केली, फाइल ठेवली. दहाव्या महिन्यात त्या आईचा इथल्या पहाटे तीनला फोन आला. म्हणाली, "मला हा मुलगा आवडत नाही. त्यानं हात लावला की अंगावर काटा येतो. मी इतकी वर्षं रडून मागून घेतलेलं मूल आहे हे, आणि मला पळून जावंसं वाटतं. हे मी कुणाला सांगू?" तिनं समाजसेविकेला सांगितलं नव्हतं, मूल काढून घेतील या भीतीनं. सासूला सांगितलं नव्हतं, 'आम्ही म्हणत नव्हतो का' हे ऐकावं लागेल म्हणून. तिच्या गटालाही सांगितलं नव्हतं, कारण गटात अजून वाट पाहणाऱ्या बायका होत्या. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगणार? मी तीन अहवालांत फोटो पाहिले, तिला विचारलं नाही. ती चूक माझी.

तिचं पुढे हळूहळू ठीक झालं. उपचार घेतले, नवऱ्यानं तीन महिन्यांची रजा काढली, आणि मुख्य म्हणजे तिला दुसरी एक आई भेटली जिनं सांगितलं, "मला दीड वर्ष लागलं." त्या चार शब्दांनी जे झालं ते माझ्या समुपदेशनानं झालं नसतं. बाळंतपणानंतर येते तशी उदासी दत्तकानंतरही येते आणि मायाही लगेच येईल असं नसतं. दोन अनोळखी माणसं एका घरात राहायला लागतात, माया लागायला वेळ जातो. म्हणून माझी कळकळीची विनंती: वाट पाहणाऱ्यांचा आणि मूल आलेल्यांचा गट वेगळा ठेवा, पण ओळखी तोडू नका. मूल आलेल्या घरातल्या आईला आणि बापाला, दोघांना वेगवेगळा, आठवड्यातून एकदा फोन करायचा आणि मुलाची चौकशी सगळ्यात शेवटी करायची. आधी विचारायचं, झोप झाली का, जेवलात का, आज कंटाळा आला का. 'मुलगा कसा आहे' या प्रश्नाला सगळेच 'मस्त' म्हणतात.

भारतातल्या घराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगलीच्या आजी सहा महिन्यांसाठी येणार आहेत असं ओझरतं लिहिलं आहे. आजींना आत्तापासून सामील करा. त्यांच्या मनातले प्रश्न त्यांना विचारू द्या, रक्ताचा, जातीचा, रंगाचा, सगळे. आत्ता विचारलेले बरे, नंतर मुलासमोर निघण्यापेक्षा. एका आजींचा हट्ट होता पत्रिकेचा. संस्थेत आलेल्या बऱ्याच मुलांची जन्मतारीख डॉक्टरांनी अंदाजानं ठरवलेली असते, पत्रिका मांडणार कशाची? मी त्यांना म्हटलं, 'आजी, तारीख अंदाजाची आहे, पण बारशाला कानात नाव सांगायचं ते तुम्हीच.' त्यांनी शिशुगृहातल्या मावशीनं ठेवलेलंच नाव सांगितलं, बदललं नाही. नाव बदलू नका हे माझंही मत आहे. त्या मुलाबरोबर तेवढंच तर आलेलं असतं. आणि 'नशीब काढलं हो पोरीनं' हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका. पुण्याच्या श्रीवत्स शिशुगृहातून १९७९ मध्ये दत्तक गेलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण प्रत्येक दत्तक मुलापुढे तिचं उदाहरण ठेवतात तेव्हा मला त्या मुलाची दया येते. त्यानं साधं, मध्यम हुशार, हट्टी असायला काही हरकत आहे का?

अजून एक काम फक्त तुम्हीच, मराठी घरंच करू शकता. महाराष्ट्रातल्या शिशुगृहांतून अमेरिकन घरांतही मुलं जातात. मिनेसोटातल्या एका घरात आमची पाच वर्षांची मुलगी गेली. ती दिवसभर काहीतरी बोलायची आणि समोरच्याला कळत नाही म्हणून भिंतीवर डोकं आपटायची. त्यांच्या एजन्सीमार्फत त्या गावातल्या एका मराठी आजीला विचारलं. आजी रोज संध्याकाळी वीस मिनिटं व्हिडिओवर यायच्या. पहिल्या दिवशी मुलगी म्हणाली, 'शू लागली.' आजींनी सांगितलं, आई धावली, आणि ती मुलगी पहिल्यांदा हसली. मग आजींनी चाळीस शब्द आणि वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून दिली: भूक लागली, दुखतंय, नको, अजून हवं, उचलून घे, अंधार वाटतो, हे तुझंच आहे. त्यातलं शेवटचं होतं, 'मी परत येते.' तिची अमेरिकन आई कामाला निघताना दारात उभी राहून ते मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायची, आणि संध्याकाळी खरंच परत यायची. महिन्याभरात भिंतीवर डोकं आपटणं थांबलं.

तुमच्या गटातल्या ज्यांना अजून रेफरल आलेला नाही, त्यांनी हे काम घ्यावं. तुमच्या एजन्सीला लिहून कळवा की आम्ही मराठी बोलणारी चार घरं आहोत, महाराष्ट्रातून मूल येणाऱ्या कुठल्याही कुटुंबाला भाषेसाठी मदत करू, मुलाची माहिती बाहेर जाणार नाही असं लिहून देऊ. चाळीस शब्दांची यादी माझ्याकडे आहे, मी पाठवते. आवाज मात्र सांगलीच्या आजींचा घ्या.